एक रुपया आणि सात वार

मरणाच्या आदल्या दिवशी चुडामण नानांनी दोन कामं केली. एक, मागच्या दाराची कडी बसवली. ती उलटी बसली. दोन, शेजारच्या कुंदाबाईंना सिनेमानट मास्टर चैत्रामची गोष्ट सांगितली. पहिलं काम ते आयुष्यात प्रथमच करत होते. दुसरं त्यांनी चौदा वर्षांत किती वेळा केलं असेल, याचा हिशेब धुळ्यात कुणी ठेवला नव्हता.

"मंग काय व्हयनं, नाना?" कुंदाबाई शेंगा फोडता फोडता विचारत होत्या. पुढचं त्यांना तोंडपाठ होतं. एकदा नानांनी मांड्यांचा आकडा चुकवला तेव्हा त्यांनीच तो दुरुस्त केला होता.

नानांची मुलगी वच्छला दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून माहेरी आली होती. तिकडे ती मुलींच्या शाळेत शिकवायची. ओट्यावर पुस्तक उघडून ती बसली होती, पण पान उलटत नव्हती. गोष्ट आता तंबूपाशी येणार होती आणि तिथे आली की नाना काय करतात, ते तिला ठाऊक होतं.

"तठे लोके जरासा हासनात," नाना घाईघाईने म्हणाले आणि तिच्याकडे ओझरतं बघून पुढे निघाले. "बरं, मंग साहेब काय म्हने..."

लोक हसले हे खरं. पण पहिलं हसू वच्छलाचं होतं. ते नानांनी ऐकलं होतं, आणि त्यांनी ऐकलं हे तिला माहीत होतं. नानांनी पुढे आपल्या त्या सिनेमातल्या कामाबद्दल न्हाव्यापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांना विचारलं, तिला मात्र कधी विचारलं नाही. तिनेही आपण का हसलो ते सांगितलं नाही. बारा वर्षांची असताना लाज वाटली. पुढे इतकी वर्षं गेली की आता विषय कुठून काढावा तेच कळेना. त्या दुपारी मात्र तिने पुस्तक मिटलं. आज सांगून टाकायचं, असं ठरवून ती ओट्यावरून उतरली.

"चहा करस का, माय?" नाना म्हणाले.

तिने चहा केला. चहा होईपर्यंत कुंदाबाई उठून गेल्या होत्या आणि नानांनी उलट्या कडीचा विषय काढला होता. उद्या सांगू, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून नाना टोपी घालायला बसले ते बसलेच राहिले.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. गल्लीतली माणसं सवयीने अंगणात येऊन बसली. शेवटी कुंदाबाई म्हणाल्या, "वच्छे, आते तूच सांग. नाना सांगेत तशी."

वच्छलाने वर्गात मोठमोठ्या कविता शिकवल्या होत्या, अंगणात गोष्ट कधी सांगितली नव्हती. तिने पदर नीट केला आणि सांगायला लागली.

एकोणीसशे बत्तीस सालची गोष्ट. धुळ्यातले कापसाचे व्यापारी रुपचंदशेठ मुंबईला गाठी विकायला गेले आणि सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. बोलपट निघाल्यामुळे मुके कॅमेरे मातीमोल झाले होते, आणि स्वस्त मिळालेली वस्तू सोडून यायची शेठजींच्या घराण्यात रीत नव्हती. कॅमेऱ्याबरोबर त्याचा मालकही आला. तो तोवर नुसताच बसून होता, इकडे येऊन जेवून-खाऊन बसायला लागला. शेठजींनी तीन दिवस कॅमेऱ्याची पूजा केली. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, याच्यापुढे काही तरी उभंही केलं पाहिजे.

नाना नगरपालिकेत जकात कारकून होते आणि गल्लीतल्या लग्नांची मंगलाष्टकं करायचे. म्हणजे लेखक घरचाच होता. नानांनी दोन रविवारांत सोनगीरच्या किल्ल्याची गोष्ट लिहून काढली. शूर राजपुत्राला शत्रू अंधारकोठडीत टाकतात. तिथे एक क्रूर पहारेकरी त्याचे हाल करतो. राजपुत्र अन्नावाचून खंगत जातो आणि शेवटी लढाई होते. अकरा दिवसांचं काम होतं.

राहता राहिला राजपुत्र. नाना म्हणाले, विचारायला काय जातं? आणि त्यांनी थेट मास्टर चैत्रामला पत्र टाकलं.

त्या काळी मास्टर चैत्रामची तसबीर पानाच्या ठेल्यावर देवाच्या बाजूला लावत. मुंबईत त्याला महिना आठशे मिळतात असं लोक म्हणत. नानांनी पत्रात लिहिलं, 'आपल्या योग्यतेस शोभेल असे मानधन देण्याची आमची ऐपत नाही. जे देऊ ते पाहून राग मानू नये.' आकडा मात्र लाजेने लिहिलाच नाही.

आठव्या दिवशी कार्ड आलं. 'काम करतो. एक रुपया घेईन. मात्र सात वार लावून द्यावेत. बुधवार धरून. चैत्राम.'

शेठजींनी कार्ड तीनदा वाचलं आणि उन्हात धरून मागून पाहिलं. "नाना, या मानसात खोट आहे. आठशेचा मानूस रुपयात येतो म्हंजे आतून किडलेला असनार."

गल्लीचं एकमत नव्हतं. कुणी म्हणालं, त्याला क्षय झालाय. कुणी म्हणालं, बायको मारते म्हणून गाव सोडतोय. सात वार म्हणजे तलवारीचे, लढाईत आपल्याला सात वार करायला मिळावेत अशी त्याची अट आहे, असं शेठजींचं मत पडलं. त्यावर कुंदाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "वार म्हंजे जेवाना वार! तुम्ही बठ्ठा शिकेल मानसं, इतलं समजत नही?"

मग उलगडा झाला. चैत्राम शिरपूरकडच्या एका खेड्यातला. लहानपणी धुळ्याला शिकायला होता. गरिबाची पोरं तेव्हा वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं जोडायची. चैत्रामला सहाच मिळाली होती. बुधवारी तो पाणी पिऊन शाळेत जायचा.

एवढं कळल्यावर सातही वार लावायचे, असं एकमताने ठरलं. नंतर भांडणं सुरू झाली.

गल्लीत घरं तेवीस आणि वार सात. सोमवार आणि शनिवार कुणी घेईना, कारण त्या दिवशी घरोघरी उपास. नट आपल्या घरी येऊन साबुदाणा खाऊन गेला असं कोण सांगत बसणार? गुरुवारासाठी दोन सख्ख्या जावा अबोला धरून बसल्या. कुंदाबाईंनी शुक्रवार मिळवला आणि जाहीर केलं की आपण खापरावरचे मांडे करणार. ते ऐकून मंगळवारवालीने वरण-बट्टीचा बेत रद्द केला आणि तीही मांड्यांवर आली. बुधवार नानांनी आपल्याकडे ठेवला. "त्याचा तो रिकामा वार आहे," ते वच्छलाच्या आईला म्हणाले. "तो आपण भरू."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मास्टर चैत्राम एका रुपयात काम करतो ही बातमी सोनगीरला पोचली आणि सगळी घडी विस्कटली.

क्रूर पहारेकऱ्याचं काम सोनगीरच्या भटूला दिलं होतं. भटू अठरा वर्षं जत्रेत रावण व्हायचा. त्याला पाहून बाळंतिणी घरात जात. पंधरा रुपये ठरले होते. तो पागोटं काखेत घेऊन नानांकडे आला.

"नाना, मी काम करत नही."

"का रे? ठरल्याप्रमाणे पंधरा देतो की."

"तो इतला मोठा मानूस एक रुपया लेस आनि मी पंधरा लेऊ? लोके माले काय म्हनतीन?"

"बरं, मग एक घे."

"त्यानी बरोबरी करू? मी?"

"मग आठ आणे घे, बाबा."

भटूने नानांकडे असं पाहिलं, की रावणाचं काम त्याला का देत असत ते नानांना नीट कळलं. "आनि मनी किंमत आठ आना?"

याच्या उत्तराचा नाना पुढे आयुष्यभर विचार करत होते, ते त्यांना सापडलं नाही. भटू गेला. त्याच्यामागून सैन्य गेलं. चाळीस शिपाई रोज आठ आण्यांवर ठरले होते. राजपुत्रापेक्षा शिपाई महाग पडतो हे रुपचंदशेठच्या ध्यानात आलं आणि त्यांनी प्रत्येकाच्या मजुरीत त्याच मानाने कपात सुचवली. चाळिसांपैकी नऊ उरले. तेही शेठजींचे नोकर होते म्हणून.

इकडे परवानगीचं निराळंच. सत्याग्रहाचे दिवस, सालच असं की चार माणसं एकत्र दिसली तरी पोलीस पाचवा होऊन उभा राहायचा, आणि नाना तर किल्ल्यावर चाळीस माणसं तलवारींसह जमवायची परवानगी मागत होते. पोलीस कचेरीतल्या साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरला.

"शत्रू कोण?"

"शत्रूच, साहेब."

"कोणत्या सरकारचा?"

"सरकार यायच्या फार आधीचा आहे, साहेब."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. 'शत्रू फार जुना असल्याने हरकत नाही,' असा शेरा झाला. अटी दोन. तलवारी लाकडी असाव्यात, आणि लढाईत मरणाऱ्या इसमांची यादी बापाचं नाव व गावासह सात दिवस आधी सादर व्हावी.

सैन्य फुटण्यापूर्वीच नानांनी ती चाळिसांच्या चाळीस नावांसह सुवाच्य अक्षरात दिली होती. कुठल्याशा कामसू कारकुनाने ती फळीवर लावली आणि वर मथळा दिला, 'सोनगीर किल्ल्यावर मंगळवारी मरणारे इसम.' तिसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर जिवली नावाची एक म्हातारी येऊन बसली. तिचा मुलगा निंबा त्या यादीत होता.

"भाऊ, मना निंबाले मंगळवारे मारू नका. बुधवारे त्यानं लगीन शे."

"अहो माय, खोटं मारायचं आहे."

"खोटं बी नको. हळद लागेल शे."

"नुसता जखमी करू?"

"नवरदेवले जखमी?" म्हातारीने कानांवर हात ठेवले. शेवटी निंबाला कागदोपत्री जिवंत करावं लागलं. त्यासाठी वेगळा अर्ज लागला.

पुढे लढाई झाली तेव्हा नऊ माणसं दोन्हीकडून लढली. पागोटी बदलून ती इकडून मरायची आणि तिकडून उठून यायची. महिनाभराने नानांना कचेरीचं पत्र आलं. 'मंजूर मयतांपैकी तीस इसम का मेले नाहीत, याचा खुलासा करावा.' तो खुलासा करताना नानांनी दोन टाक मोडले.

पण हे नंतरचं. आधी मास्टर चैत्राम आला. चाळीसगावहून येणाऱ्या गाडीतून धोतर-कोट घातलेला, किडकिडीत, गालफडं बसलेला माणूस उतरला. कॅमेरावाला खूश झाला. "उपाशी कैदी अगदी तयार आलाय."

खूश व्हायची त्याने फार घाई केली. पहिल्या दिवसापासून वार सुरू झाले. सकाळी मोटारलॉरीने सोनगीर, दिवसभर अंधारकोठडी आणि उजेड मावळताना परत येऊन पाटावर. शुक्रवारी चैत्रामने कुंदाबाईंचे सहा मांडे खाल्ले. शनिवारवालीने हट्टाने उपास मोडला. पाचव्या दिवशी कैद्याच्या बेड्या त्याच्या मनगटात जाईनात. आठव्या दिवशी त्याला दुहेरी हनुवटी आली. अन्नावाचून खंगणारा राजपुत्र कोठडीत दिसामाशी बाळसं धरू लागला.

"जरा कमी जेवत चला, मास्टर," शेठजी विनवू लागले.

"शेठ, पगार मागितला का मी? मग ताटात हात घालू नका."

बोलणं रास्त होतं. शेवटी कॅमेरावाल्यानेच तोड काढली. काढलेला सिनेमा मागून पुढे लावायचा. आता काढू ते आधी दाखवायचं, आधी काढलं ते शेवटी. त्यामुळे नानांची गोष्ट थोडी उलटीपालटी झाली. सुटकेचा प्रसंग अटकेच्या आधी आला. पण राजपुत्र व्यवस्थित खंगला.

बुधवारी चैत्राम नानांकडे जेवायला आला. वच्छलाच्या आईने, सुंदरबाईने, सगळ्या गल्लीचे बेत ऐकले होते. आपण काय करावं ते तिला सुचेना. घाबरून तिने रोजचंच केलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. वच्छलाने वाढलं. चैत्राम बोटं चाटून जेवला. हात धुताना म्हणाला, "भाऊ, सहा घरांचं ऋण फेडायचं असलं तर घरं तरी आहेत. बुधवारचं काय करायचं, ते इतकी वर्षं कळत नव्हतं." मग लगेच त्याने ठेचा आणखी आहे का ते विचारलं.

भटूची जागा रिकामीच होती. तिथे कोण? ज्याला पैसे द्यावे लागणार नाहीत आणि ज्याचा अपमानही होणार नाही असा धुळ्यात एकच माणूस उरला होता. नानांनी त्याआधीच नगरपालिकेत अर्ज टाकून पोटशुळाची अकरा दिवसांची रजा घेतली होती. आता रजेवरचा आजारी कारकून पडद्यावर दिसला तर नोकरी जाणार. म्हणून त्यांना दाढी लावली. ती तागाची होती आणि बेंबीपर्यंत येत होती. तिच्यावर फक्त दोन डोळे आणि मुंडासं राहिलं. आरशात पाहून नाना आधी निर्धास्त झाले, मग थोडे खट्टू झाले.

प्रसंग सोपा होता. क्रूर पहारेकरी कोठडीत येतो, भाकरीचा चतकोर कैद्याच्या अंगावर फेकतो, बाकीची त्याच्यासमोर खातो आणि विकट हसतो. भाकरी नानांच्या घरचीच होती. नाना रागारागाने आत गेले, भाकरी काढली, दोन्ही हातांनी मोडली. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि मोठा तुकडा चैत्रामला दिला.

"नाना, फेका!" कॅमेरावाला ओरडला.

पुन्हा केलं. नानांनी डोळे वटारले, पाय आपटला, भाकरी मोडली, तुकडे एकमेकांवर ठेवले आणि मोठा चैत्रामपुढे धरला. तिसऱ्यांदा तेच झालं. चौथ्यांदा कॅमेरावाल्याने त्यांच्याकडून फेकण्याची तालीम करून घेतली. तालमीत त्यांनी झकास फेकली. कॅमेरा फिरायला लागला आणि हातांनी पुन्हा तेच केलं. अन्न फेकायचं त्या हातांना माहीतच नव्हतं. पाचव्यांदा चैत्राम म्हणाला, "राहू द्या. असाच क्रूर असू द्या." शेठजींनी फिल्म किती उरली ते पाहिलं आणि तेही म्हणाले, असू द्या.

शेवटच्या दिवशी शेठजींनी हार घालून चैत्रामला त्याचा रुपया दिला. त्याने तो रुमालात बांधला. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून डबे आत येत होते.

सिनेमा लागला तो धुळ्यात तंबूत. पुढे खुर्च्यांवर नगरपालिकेचे साहेब, मागे लोक, एका बाजूला पडदा लावून बायका. नाना सगळ्यांत मागे, खांबाला टेकून, आपला याच्याशी काही संबंध नसल्यासारखे उभे होते. वच्छला आईजवळ बसली होती. नाना कुठलं काम करतात ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. कुठे फुटलं तर? दाढीवाले एकूण पाच होते. प्रत्येक दाढी आली की ती आईला विचारायची, हे का? आई म्हणायची, नसतील.

मग कोठडी आली. मुक्या सिनेमाची गोष्ट सांगायला पडद्याशेजारी उभा असलेला माणूस मोठ्याने म्हणाला, "हा क्रूर पहारेकरी! याच्या काळजाला पाझर नाही!" दाढीने डोळे वटारले, पाय आपटला, भाकरी काढली. तंबूत चिडीचूप.

आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूने एक मुलगी खळखळून हसली. मग सगळा तंबू हसला.

तिने मागे वळून पाहिलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं.

बाहेर साहेबांनी नानांना गाठलं. "पोट कसं आहे? अहो, तो पहारेकरी कोण? क्रूर माणसाच्या पोटातली माया काय दाखवली! लोक मूर्ख, हसले."

"असेल कुणी सोनगीरचा," नाना म्हणाले.

घरी जाताना त्यांनी सुंदरबाईला विचारलं, "बरं ऱ्हायनं ना?" ती म्हणाली, दाढी वाकडी होती. वच्छलाला त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी तिचं बोट धरलं होतं, नेहमीसारखं.

अंगणात कुंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग शेंगांचं सूप पुढे ओढलं. "व्हय. तठे लोके हासनात," त्या नानांच्याच घाईने म्हणाल्या. "बरं, मंग?"

वच्छला पुढे गेली नाही. घरी रोज नाना भाकरी मोडायचे, दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पाहायचे आणि मोठा तिच्या ताटात टाकायचे. पाच दाढ्यांमध्ये बाप सापडत नव्हता, आणि एकाएकी तो तिथे होता, एवढ्या मोठ्या पडद्यावर, सगळ्या धुळ्यासमोर. तिला इतका आनंद झाला होता, की तो आत मावला नव्हता.

हे तिने कुंदाबाईंना सांगितलं नाही. अंगणात एवढी माणसं बसलेली असताना ती कुणाकडेच न बघता, शाळेतल्या भाषेत नव्हे, घरातल्या भाषेत, मोठ्याने म्हणाली,

"नाना, मी तुम्हले वळखं व्हतं. म्हनीसन हासनू."